लाल विस्तव आणि निळे पोलाद

निवडणूक जाहीर झाली म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील ज्या शेतकऱ्यांजवळ पीकसंरक्षणाचा बंदूक-परवाना आहे, त्यांपैकी पुष्कळांना हुकुमाप्रमाणे आपली बंदूक ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते. आणि आचारसंहिता उठल्यावर ती परत घरी येते तेव्हा, इतके दिवस तेलाचा हात न फिरल्यामुळे, त्यातून मधले महिने पावसाळी असले तर विशेषच, तिच्या स्क्रूंच्या डोक्यांवर आणि खिळींवर तांबूस गंजाचे ठिपके उमटलेले असतात. टिपेश्वर आणि पैनगंगा या अभयारण्यांलगतच्या शिवारांत, जेथे रानडुकरे आणि रोही एका रात्रीत उभी तूर लोळवून जातात, तेथे हे हत्यार शोभेचे नसते. पण शोभेचे नसले म्हणून मालकाला त्याची शोभा प्रिय नसते असे मात्र नाही. आजोबांच्या काळी त्या स्क्रूंवर मोराच्या मानेसारखी जी निळाई होती ती त्याला आठवते, आणि धातुकामाच्या यंत्रशाळेत मुलांना शिकविण्यात माझी उमेदीची वर्षे गेली हे कोणीतरी त्याला सांगितलेले असल्यामुळे तो तडक माझ्या ओसरीवर येतो.

येतो तो प्रश्न घेऊन नव्हे, उत्तर घेऊनच येतो. "लाल करा अन् तेलात टाका जी, निळाशार निघते पाहा." हे वाक्य मी आजवर इतक्या मुखांनी ऐकले आहे, की त्यातला प्रत्येक शब्द चुकीचा असून तो इतक्या आत्मविश्वासाने कसा उच्चारला जातो, याचे मला आता नवल वाटत नाही, केवळ उबग येतो. वखराची पास पाजवून देणारा लोहार ते सांगतो, मोटारदुरुस्तीच्या टपरीवरचा पोरगा सांगतो, आणि ज्यांनी आयुष्यात हातोडा धरला नाही असे निवृत्त कारकूनही "आमच्या वाडवडिलांपासून चालत आले आहे" अशी पुस्ती जोडून सांगतात. वाडवडिलांचा दाखला देणाऱ्यांना माझे एवढेच म्हणणे आहे, की या विदर्भात लोखंडाचे काम काल-परवाचे नाही. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी जे उत्खनन केले, त्यात लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली, आणि ती ज्या महापाषाणयुगीन वस्तीतली आहे ती अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. ज्यांना विस्तवाची इतकी जुनी ओळख होती, त्यांच्या नावावर हे वाक्य खपविणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

वस्तुस्थिती अशी, की पोलादावर निळा रंग चढतो तो सुमारे २९० ते ३०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, आणि पोलाद डोळ्यांना लाल दिसू लागते ते ५०० अंशांच्याही पलीकडे. तापलेला घन पदार्थ अंधारात मंद तांबडा दिसू लागण्याची मर्यादा जॉन विल्यम ड्रेपर याने १८४७ साली प्रयोगाने निश्चित केली, ती सुमारे ५२५ अंश आहे. आणि ही मर्यादा अंधाऱ्या खोलीतली. भर उजेडात तीच लाली दिसायला धातू आणखी पुष्कळ तापावा लागतो. म्हणजे ज्याने स्क्रू 'लाल' केला, त्याने निळाईचे गाव केव्हाच मागे टाकले. आणि तेलात बुडवून ते गाव परत येत नाही.

मग हा समज आला कोठून? माझ्या मते तो लोहाराच्या भात्यापुढे उभे राहून अर्धवट पाहण्यातून आला, आणि म्हणूनच तो इतका चिवट आहे. कारण पाहणाऱ्याने जे पाहिले ते खोटे नसते, फक्त त्याचा क्रम त्याच्या ध्यानात राहिलेला नसतो. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा प्रथम तो विळा चांगला लाल, म्हणजे साडेसातशे-आठशे अंशांपर्यंत, तापवतो, आणि सांडशीत धरून त्याची केवळ धारेकडची बाजू क्षणभर पाण्यात बुडवतो. धार थंड आणि काचेसारखी कठीण होते, पाठ मात्र अजून धगधगत असते. मग तो विळा बाहेर काढून धारेवर दगडाचे किंवा विटेचे दोन हात घासून ती उजळवतो आणि डोळे बारीक करून पाहत राहतो. आता पाठीतील ऊब हळूहळू धारेकडे सरकू लागते, आणि त्या उजळलेल्या पट्टीवरून रंगांची एक मिरवणूक निघते: आधी वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तपकिरी, मग जांभळा आणि त्यामागून निळा. हवा तो रंग धारेला पोचला की लोहार सगळा विळा पाण्यात सोडतो. शेजारी बिडी ओढत उभ्या असलेल्या माणसाला लाल दिसले, बुडविणे दिसले आणि शेवटी निळे दिसले. त्यावरून तो म्हणतो, लाल करून बुडविले म्हणून निळे झाले. वास्तविक निळा रंग आला तो लाल अवस्थेतून खाली उतरताना नव्हे. एकदा पूर्ण थंड झालेली धार दुसऱ्यांदा खालून वर तापत गेली तेव्हा आला. लाल तापविणे हे कठीण करण्याचे काम आहे, आणि रंग येणे हे त्या कठीणपणातला ठिसूळपणा थोडा उतरविण्याचे काम आहे, ज्याला आमच्या यंत्रशाळेत 'टेंपर काढणे' म्हणत. एका पाटावर दोन विधी झाले म्हणून ते एक होत नाहीत.

रंगाचे कारणही सांगितलेले बरे, कारण तो रंग म्हणजे धातूच्या पोटातून बाहेर आलेला काही रस आहे अशी कित्येकांची समजूत दिसते. पोलाद हवेत तापले म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर लोखंडाच्या ऑक्साइडाची अतिशय पातळ, पारदर्शक साय धरते. तिच्या वरच्या अंगावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या पोलादावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळताना काही रंग परस्परांना मारून टाकतात आणि उरलेले आपल्याला दिसतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर जे इंद्रधनुष्य दिसते, त्याचाच हा धाकटा भाऊ. गडद निळ्याच्या वेळी ती साय मिलिमीटरच्या साधारण पंधरा-वीस हजाराव्या हिश्शाइतकी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी असते. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. तापविलेल्या पोलादाचे रंग पृष्ठभागावरील पातळ पापुद्र्यामुळे येतात असे रॉबर्ट हूक याने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात मांडले, आणि गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केंब्रिजच्या यू. आर. एव्हान्स यांनी असे पारदर्शक पापुद्रे धातूवरून अक्षरशः सोडवून वेगळे करून दाखविले. हवा काढून घेतलेल्या नळीत तेच पोलाद तितकेच तापवा. रंग उमटणार नाही.

आता लाल करून तेलात टाकणाऱ्याच्या हाती काय लागते ते पाहू. लाल अवस्थेत ती साय साय राहत नाही, तिची खपली होते; जाड, करडी आणि ठिसूळ. तेलात पडताच काही खपली गळते, उरलेलीवर जळालेल्या तेलाचे काळे पुट बसते, आणि त्या काळ्याला दुपारच्या उन्हात तिरपे धरले म्हणजे मालकाला ते निळे भासते. हे काळे पुट लोखंडी फाटकाच्या कडीला शोभते, त्याला माझा विरोध नाही. पण ते निळे नव्हे. याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. स्क्रू चांगल्या कार्बन-पोलादाचा असेल तर तो तेलात कडक होऊन ठिसूळ बनतो, आणि पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हर लावला की त्याचे डोके कटकन तुटून हातात येते. देहाचा उरलेला भाग आट्यांत अडकून राहतो, तो काढायला मग निराळा कारागीर. आणि जो भाग कारखान्यात जाणूनबुजून कडक करून योग्य टेंपरवर आणलेला होता, त्याची ती सगळी मेहनत लाल होताक्षणीच मातीमोल होते.

तेव्हा तापमान आवरायचे कसे, हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर विस्तव कमी-जास्त करण्यात नसून स्क्रू आणि विस्तव यांच्यामध्ये काय ठेवले आहे यात आहे. जांभळा साधारण २८० अंशांवर येतो, गडद निळा २९०च्या पुढे, ३१०-३२०वर तो फिकट आभाळी होतो आणि ३३०च्या पलीकडे राखाडी. म्हणजे आपल्याला हवा असलेला पट्टा जेमतेम पंधरा अंशांचा. गॅसच्या उघड्या ज्योतीत दोन-तीन ग्रॅमांचा स्क्रू धरला आणि तो समजा सेकंदाला वीस अंश या वेगाने तापला, तर हा संपूर्ण पट्टा एका सेकंदाच्या आत निघून जाईल. तुमचा चिमटा हलण्यापूर्वी रंग आला आणि गेलाही. तोच वेग सेकंदाला एक अंशावर आणला, तर निवांत पंधरा सेकंद मिळतात. घड्याळजी लोक पिढ्यान्‌पिढ्या काट्यांना आणि स्क्रूंना निळे करतात ते याच युक्तीने. पितळेची जाड पट्टी घेऊन तिला भोके पाडायची, त्यांत स्क्रूचे देह सोडायचे म्हणजे डोकी वर राहतात, किंवा पितळी वाटीत पितळेचाच कीस दोन बोटे भरून त्यात तो भाग अर्धवट पुरायचा, आणि खालून स्पिरिटच्या दिव्याची ऊब द्यायची. पितळेचा तो जाडजूड पिंड सावकाश तापतो, सर्व बाजूंनी सारखी ऊब पोचवतो आणि एकदम भडकत नाही. कोरडी बारीक रेतीही चालते, पण ती ऊब हळू पोचवते आणि कोठे जास्त, कोठे कमी अशी लबाडीही करते.

शेजारी त्याच जातीच्या पोलादाचा एखादा निरुपयोगी स्क्रू साक्षीदार म्हणून ठेवावा, आणि पहिली आहुती त्याची द्यावी. रंग जांभळा संपून निळ्यात शिरू लागला, की लगेच उचलावा. पूर्ण निळा होईपर्यंत वाट पाहिली तर अंगातली उरलेली ऊब त्याला आभाळी करून सोडते. उचलून थंड पितळेच्या तुकड्यावर ठेवला की पुरे.

येथे माझीच एक फजिती सांगतो. वैशाखातल्या एका दुपारी, घरच्या लंबकाच्या घड्याळाचा तासकाटा निळा करावा म्हणून मी अंगणात उन्हात बसलो. त्या प्रखर उजेडात पिवळा आणि तपकिरी मला नीट दिसलेच नाहीत, आणि जांभळा दिसला असे वाटेपर्यंत काटा राखाडी होऊन गेला होता. पुन्हा झिरो पेपरने घासून, पुसून, दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेकडच्या खिडकीपाशी तेच काम केले, आणि पहिल्याच खेपेस साधले. लोहार आपली भट्टी छपराखाली काळोखात का ठेवतो, हे मला त्या दिवशी पुस्तकाविना कळले.

ज्यांना डोळ्यांवर भरवसा नाही ते उपकरणांकडे वळतात, आणि तेथे नव्या गैरसमजांचे दुकान उघडते. अंतरावरून नेम धरून तापमान सांगणारा जो पिस्तुलाच्या आकाराचा तापमापक हल्ली सर्वत्र मिळतो, तो चकचकीत पोलादासमोर साफ खोटे बोलतो. कारण उजळलेला धातू उष्णतेचे प्रारण फार कमी सोडतो आणि यंत्र त्याला प्रत्यक्षाहून पुष्कळ थंड समजते. कीसात टोक खुपसून ठेवता येईल असा थर्मोकपल मात्र विश्वासू आहे. स्वयंपाकघरातील ओव्हनची कळ बहुतेक २५० अंशांवर संपते, म्हणजे पाऊण वाटेवर. तरीही एखादा भाग तेथे तास-दोन तास विसरला तर त्याचा रंग तपकिरीच्या पुढे सरकलेला आढळतो. कारण साय तापमानाप्रमाणेच वेळेवरही वाढते, आणि पुस्तकातील रंगतक्ते हे काही मिनिटांच्या तापविण्याचे असतात. रंग म्हणजे तापमापक नव्हे. तो तापमान, वेळ आणि पोलादाची जात या तिघांच्या सह्यांचा दस्तऐवज आहे. ज्याला अगदीच साधी कसोटी हवी त्याने कीसावर कथलाचा एक कण ठेवावा. तो २३२ अंशांवर वितळतो, आणि त्यानंतर स्क्रूवरून नजर हलवू नये. शिशाचा कण या कामी निरुपयोगी, कारण ते ३२७ला वितळते, तोवर निळा उडून गेलेला असतो. शिवाय शिसे घरात तापवूच नये.

तळणीच्या तेलात बुडवून तीनशे अंश गाठू पाहणाऱ्यांस हात जोडून विनंती, की तो विचार सोडा. सरकीचे तेल २२०-२३० अंशांच्या आसपासच धुरावते, आणि तीनशेच्या थोडेसे पुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते. दुसरा एक पंथ सोरा वितळवून त्यात भाग बुडवा म्हणतो. शुद्ध सोरा वितळतो ३३४ अंशांवर, म्हणजे रंगाची वेळ टळून गेल्यावर. कारखान्यांत म्हणूनच त्यात दुसरे क्षार मिसळून द्रवणांक खाली आणतात, आणि ते काम ढाली आणि हातमोजे घालून होते. सोरा हा बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक आहे हे बंदूकवाल्यांना मी सांगावे काय? तापलेल्या सोऱ्यात कोळशाचा कण किंवा तेलाचा थेंब पडला तर जे होईल, ते घरातल्या ओट्यावर होऊ नये.

बाकीचे समज किरकोळ आहेत, ते भराभर उरकतो. निळे झाले म्हणजे कठीण झाले, हे खोटे. साध्या मऊ लोखंडी खिळ्यावरही हाच निळा येतो आणि खिळा मऊच राहतो. तेलात बुडविल्याने रंग 'पक्का' होतो, हेही खोटे. ऊब उतरली की साय वाढायची थांबते, तेल केवळ गंजाला अडविते. निळाई गंज रोखते, हे जवळजवळ खोटे; केसाच्या हजाराव्या भागाइतके पांघरूण श्रावणातल्या दमट हवेपुढे काय टिकणार, तेलाचा फडका हवाच. स्टेनलेस पोलादही त्याच तापमानाला निळे होते, हे चूक. क्रोमियममुळे त्याचे रंग कितीतरी उशिरा येतात. बोटाचा घामट ठसा तापविताना जळून जातो, असे समजू नये. तो डाग होऊन कायमचा बसतो, म्हणून घासल्यावर स्पिरिटने पुसून पुढे चिमटाच वापरावा. तापलेले लोखंड केव्हाही बेलाशक वाकवावे, ही समजूत धोक्याची. मऊ पोलाद नेमके या निळ्या तावात ठिसूळ वागते. आणि बंदुकीच्या नळीवरची काळसर निळाई म्हणजे हीच, असा जो सार्वत्रिक भ्रम आहे तो तर मुळातच चुकीचा आहे. ती बहुधा दाहक क्षारांच्या उकळत्या द्रावणात किंवा गंज चढवून उकळण्याच्या रीतीने येते, तिचा विस्तवावरच्या रंगांशी संबंध नाही, आणि जोडनळीच्या बंदुकीत दोन नळ्यांमधली पट्टी मऊ डाकाने जोडलेली असल्यामुळे नळीवर हे प्रयोग घरी करणारा आपल्या हाताने बंदूक उसवतो.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. चाप, घोडा, त्यांना अडवून धरणारी खाच आणि घोड्याची कमान हे भाग दिसायला लहान असले, तरी त्यांचे टेंपर कारखान्याने प्रत्येकाच्या कामाप्रमाणे निरनिराळे ठरविलेले असते. जी खाच फिकट पिवळ्या तावावर कठीण राखली आहे तिला शोभेसाठी निळ्या तावापर्यंत नेले, तर ती मऊ पडते, झिजते, आणि एखाद्या दिवशी चापाला बोट न लावता घोडा सुटतो. शिवाय १९५९च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग येतात, आणि त्याच्या ५व्या कलमाप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे ती उघडून दुरुस्त करण्याची मुभा नव्हे. हौस भागवायची असेल तर जुन्या घड्याळाचे किंवा शिलाई मशीनचे स्क्रू पुष्कळ आहेत, त्यांच्यावर खुशाल हात बसवा, आणि पहाटेच्या उजेडात बसवा. बंदुकीचे काम मात्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे द्या, त्याची रीतसर पावती घ्या, आणि तोही "लाल करून तेलात टाकतो" म्हणाला, तर बंदूक उचलून सरळ घरी परत या.